आगीची तारीख

कोकणात आगीला दोन नावे आहेत. एक वणवा, दुसरे भाजावळ. वणव्याला मालक नसतो, तारीख नसते, हद्द नसते. भाजावळीला या तिन्ही गोष्टी असतात. भाताचा तरवा जिथे काढायचा त्या जागेवर शेण, पातेरा, कवळ, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वारा पडलेला बघून ते भाजून काढायचे. तण मरते, राख मातीत मिसळते आणि पावसाच्या तोंडावर तिथेच पेरणी होते. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे दोन भाषांतले शब्द शेजारी ठेवून बघायची खोड आहे. वणव्याला उर्दूत ‘जंगल की आग’ म्हणतात आणि बातमी दोन्ही भाषांत तिच्याच वेगाने पसरते. भाजावळीला मात्र आमच्या मोहल्ल्यात घरी उर्दू बोलणारी माणसेसुद्धा भाजावळच म्हणतात. ज्याच्या हातात काम, त्याचाच शब्द टिकतो.

या दोन आगींच्या मध्ये एक तिसरी आग आहे. आंब्या-काजूच्या बागेच्या कडेने वाळलेल्या गवताचा पट्टा माणूस आधीच जाळून ठेवतो. हेतू हा, की पुढे वणवा आला तर त्याला त्या पट्ट्यावर खायला काही उरू नये. वनखाते आपल्या जंगलात हेच काम करते, त्याला ते जाळरेषा म्हणतात. वेळेवर लावली तर ही आग भाजावळीच्या जातीची आहे. उशीर झाला की तीच वणवा होते. माझे म्हणणे एवढेच आहे की आपण आग लावावी की लावू नये यावर भांडतो, आणि ती कोणत्या तारखेला लावावी यावर बोलतच नाही. या उशिराची किंमत बागवाला मोजतो हे सगळ्यांना दिसते. ती आणखी कोण मोजते, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी रत्नागिरीचा सडा डोळ्यांपुढे आणा. खाली जांभा, वर वीतभर माती, काही ठिकाणी तीही नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कमरेएवढे गवत उभे राहते. ऑक्टोबरमध्ये पाऊस संपला की ते पिवळे पडू लागते. डिसेंबरात वरून वाळते, पण बुडाशी ओल असते आणि पहाटे दव पडते. फेब्रुवारी उजाडला की दवाचा जोर ओसरतो, झाडांची पाने गळून गवतावर पडतात आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. तो वारा चढाच्या दिशेने वाहतो. आगसुद्धा चढ असेल तर जोरात धावते. वारा आणि चढ एका दिशेला आले की आगीच्या पुढे माणूस पळू शकत नाही.

पूर्वी एवढे गवत डोंगरावर उरतच नव्हते. माझ्या दादीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींत गवताला भाव होता. दिवाळीनंतर गवत कापायचे, भारे बांधायचे, उडवी रचायची. घरोघरी गुरे होती. आंब्याच्या लाकडी पेट्या भरताना खाली पेंढा लागायचा. आज गुरे कमी झाली, पेंढ्याची जागा पुठ्ठ्याच्या खोक्यांनी आणि कागदाच्या कातरणांनी घेतली, आणि ज्यांच्या नावावर डोंगर आहे ते मुंबईत किंवा आखातात आहेत. सातबाऱ्यावर नाव आहे, पण गवत कापायला हात नाही. ज्या गवताला गिऱ्हाईक नाही ते उभ्या उभ्या सरपण होते. आमच्या जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडे, डोंगर बहुतेक खाजगी मालकीचे. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरते आणि आपल्या जाळरेषा त्याआधी जाळून घेते. खाजगी डोंगराला असा काही नियम लावणारा कुणी नाही. ज्याला जेव्हा मजूर मिळेल तेव्हा तो पट्टा जाळतो.

आणि मजूर मिळतो तो नको त्या वेळी. डिसेंबर-जानेवारीत हापूसला मोहोर येतो. फवारण्या सुरू असतात, राखणीला माणसे लागतात, एकेका गड्याचा दिवस आधीच ठरलेला असतो. गवताचा पट्टा मागे पडतो. “होईल पुढच्या आठवड्यात,” असे म्हणता म्हणता शिवरात्र जाते, शिमगा येतो. मग मार्चच्या एखाद्या दुपारी दोन माणसे हाती लागतात आणि काडी ओढली जाते.

आता त्याच मार्च महिन्यात त्या गवतात कोण असते ते बघू.

रानकोंबडा आपल्याकडच्या जंगलात सगळ्यांच्या ओळखीचा. त्याची मादी साधारण फेब्रुवारी ते मे या काळात जमिनीवरच झुडपाच्या आडोशाला पाचोळ्यात अंडी घालते आणि तीन आठवडे उबवते. चकोत्री हा तितराच्या कुळातला तांबूस पक्षी, करवंदीच्या जाळीतून चालताना एकदम पायाखालून फुर्रकन उडतो आणि माणसाचे काळीज थांबवतो तो. तिची वीण जानेवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत चालते, घरटे जमिनीवर. रातवा तर घरटे बांधतच नाही, पाचोळ्यावर उघड्यावर दोन अंडी ठेवतो आणि स्वतः पाचोळ्यासारखा दिसतो म्हणून वाचतो. टिटवीचा हंगाम मार्चला सुरू होतो. चार अंडी, उघड्या कातळावर किंवा खड्यांत, जवळजवळ महिनाभर उबवायची. मोर मात्र पावसाळ्यात अंडी घालतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या आगीतून त्याचे घरटे सुटते.

ही यादी मी मनाने केलेली नाही. डॉ. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली आले. त्यात प्रत्येक पक्ष्याच्या वर्णनाच्या शेवटी घरट्याचा हंगाम कोणता, अंडी किती, हे दिलेले असते. सलीम अली मुंबईच्या मुस्लिम घराण्यातले, हे आपण अभिमानाने सांगतो. १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्याच्या घरट्यांपुढे बसून त्यांनी निरीक्षणे केली, म्हणजे त्यांच्या अभ्यासाची एक महत्त्वाची जागा आपल्याच कोकणात आहे. शाळेत त्यांच्या जन्मदिवशी, १२ नोव्हेंबरला, आपण मुलांकडून भाषणे करून घेतो. पण पट्टा जाळायची तारीख ठरवताना त्यांच्या पुस्तकातली ती शेवटची ओळ कुणी उघडून बघत नाही.

मागच्या मार्चमध्ये आमच्या गावाच्या वरच्या सड्यावर आग लागली तेव्हा रमजान चालू होता. मगरीबला अर्धा तास असेल. समोरच्या डोंगरावर आधी धुराची रेघ, मग ज्वाळांची. ज्यांच्या बागा वर होत्या ते धावले, त्यांच्यामागे बाकीचे. हातात ओले टहाळे, दोघांकडे फवारणीचे पंप. खालच्या कुणबीवाडीतली माणसे दुसऱ्या बाजूने चढली. अजान झाली तेव्हा आम्ही आगीच्या कडेला होतो. वाडीतल्या तात्यांनी घागरीतले पाणी आधी रोजेदारांना दिले आणि मग टहाळ्यांवर शिंपडले. आग आटोक्यात यायला रात्रीचे दहा वाजले. तोवर तीन बागांतली काजूची झाडे होरपळली होती आणि एका बागेतली दोन वर्षांची कलमे गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काही जण वर गेलो. करवंदीच्या एका जळलेल्या जाळीखाली रानकोंबडीची पाच अंडी होती, काळी पडलेली, दोन तडकलेली. कोंबडी दिसली नाही. तिथून शंभर पावलांवर टिटवी ओरडत डोक्यावरून फिरत होती. तिची चार अंडी कातळावर जशीच्या तशी होती. तिथे गवतच नव्हते, त्यामुळे आग तिथवर आली आणि बाजूने निघून गेली. आम्ही लांब झालो तशी ती परत येऊन बसली. एकाच रात्रीत एकीचे सगळे गेले आणि दुसरीचे सगळे राहिले. फरक होता तो फक्त घरट्याजवळ जळण्यासारखे काय आहे याचा.

त्यानंतरचा आठवडा व्हॉट्सअॅपवर गेला. आग कुणी लावली? कुणी म्हणाले, शिकारीला जाणारे. कुणी म्हणाले, त्या वाडीतली पोरे. एकाने लिहिले, ‘त्या मोहल्ल्यातली पोरे’. दोन दिवस गावात माणसे एकमेकांकडे बघायची बंद झाली. ज्या हातांनी एकत्र आग विझवली होती तेच हात मोबाईलवर एकमेकांकडे बोट दाखवत होते. शेवटी कळले ते अगदी साधे होते. एका बागवाल्याने आपल्या कडेचा पट्टा जाळायला घेतला होता. मजूर त्याच दिवशी मिळाले, दुपारी वारा फिरला आणि आग हाताबाहेर गेली. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याची स्वतःची झाडेही जळाली. माणूस कोण, हे शोधण्यात आम्ही आठवडा घालवला. तारीख कोणती होती आणि वेळ कोणती होती, हे विचारले असते तर पाच मिनिटांत उत्तर मिळाले असते.

मी आलिम नाही, मास्तर आहे. पण त्या दिवसांत एक हदीस वारंवार आठवत होती. अबू दाऊद यांच्या संग्रहात अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्याकडून ती आलेली आहे. प्रवासात काही सहाबींनी एका छोट्या पक्ष्याची दोन पिल्ले उचलली. पक्षीण येऊन पंख पसरून तडफडू लागली. प्रेषितांनी (स.) विचारले की हिला हिच्या पिल्लांवरून कुणी दुखावले, आणि पिल्ले परत द्यायला सांगितली. त्याच प्रवासात त्यांना मुंग्यांचे जाळलेले वारूळ दिसले, तेव्हा त्यांनी समजावले की आगीने शिक्षा देण्याचा अधिकार आगीच्या मालकाखेरीज कुणाला नाही. आपण ही हदीस वाचतो तेव्हा पहिला भाग मुलांना गोष्ट म्हणून सांगतो आणि दुसरा भाग सोडून देतो. घरटे आणि आग या दोन गोष्टी एकाच रिवायतीत शेजारी-शेजारी आहेत, याकडे माझे लक्ष त्या आठवड्यात गेले. बागवाला कुणाला शिक्षा द्यायला आग लावत नाही, हे खरे. त्याची आग पोटासाठी आहे. पण आपल्या कामामुळे कुणाची पिल्ले जातात, हा प्रश्न विचारायला तर त्या रिवायतीने शिकवलेच आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात, जॉर्जिया-फ्लोरिडाकडे, पाइनच्या जंगलांत मुद्दाम ठरवून आग लावतात. तिथे रानटी टर्की असते, आपल्या रानकोंबडीपेक्षा कितीतरी मोठी, पण सवय तीच. जमिनीवर घरटे, दहा-बारा अंडी, चार आठवडे उबवणे, आणि हंगाम साधारण एप्रिलपासून. एके काळी तिथल्या सरकारी वनखात्याचे मत होते की जंगलात आग नकोच. हर्बर्ट स्टॉडर्ड नावाच्या माणसाने लाव्यासारख्या एका पक्ष्यावर वर्षानुवर्षे काम केले आणि १९३१ साली पुस्तक लिहून दाखवले की आग अजिबात बंद केली तर झुडपे माजतात, पक्ष्याला राहण्याजोगी जागा उरत नाही. त्याचा सल्ला होता की आग लावा, पण हिवाळा सरताना, घरटी सुरू व्हायच्या आधी. पुढे टर्कीच्या पाठीला छोटे रेडिओ बांधून अभ्यास झाले. त्यांतून असे दिसले की वसंतातल्या आगीतही वाटते तेवढी घरटी जळत नाहीत. कारण जिथे बरीच वर्षे आग लागलेली नाही अशा दाट झाडीत टर्की फारशी बसतच नाही, आणि पहिले घरटे गेले तर पुष्कळदा दुसरे करते. अट एकच, की आग तुकड्या-तुकड्यांत लावलेली हवी. एक तुकडा यंदा, दुसरा पुढच्या वर्षी. शेजारी न जळलेला तुकडा असला तर तिला जायला जागा असते.

यातून आपण काय घ्यावे? तिथली तारीख उचलून इथे लावता येणार नाही. तिथली पाइनची जंगले हजारो वर्षे आगीबरोबर वाढली, आपले ऐन-किंजळ तसे नाहीत आणि हापूसचे कलम तर नाहीच नाही. घेण्यासारख्या गोष्टी दोन. एक, घरट्याच्या आधीची तारीख. दुसरी, सगळा डोंगर एकदम नाही. आपल्याकडे वणवा एका रात्रीत पायथ्यापासून माथ्यापर्यंत जातो. रानकोंबडीने दुसरे घरटे करायचे म्हटले तरी कुठे करणार?

कुणी म्हणेल, जानेवारीतसुद्धा गवतात कुणीतरी असतेच. बरोबर आहे. लावरी पावसाळ्यानंतर हिवाळ्यातही अंडी घालते. बारा महिन्यांत घरटे नाही असा एकही महिना सापडणार नाही. पण जानेवारीत आणि मार्चमध्ये फरक आहे. जानेवारीची आग बुटकी असते, दव पडलेल्या सकाळनंतर ती हळू चालते, संध्याकाळी आपोआप विझते. पट्टा पंधरा-वीस फुटांचा असेल तर आग लावण्याआधी काठी घेऊन तेवढे चालून जाता येते. लावरी उठली तर ती जागा सोडून देता येते. मार्चच्या आगीपुढे काठी घेऊन कुणी चालू शकत नाही. आणि ग्रासकटरने गवत कापून आत ओढून घेतले, कलमांच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाकले, तर जाळायला उरते तेही थोडे.

मला यात सगळ्यात आशेची वाटणारी गोष्ट ही, की इथे बागवाला आणि पक्षी एकमेकांच्या विरुद्ध बाजूला नाहीत. बऱ्याच ठिकाणी निसर्ग वाचवायचा तर माणसाने काहीतरी सोडायचे, असा हिशेब असतो. इथे जी तारीख रानकोंबडीला सोयीची तीच काजूलाही सोयीची आहे. फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम, मार्च ते मे हापूसचा, आणि तोच अंड्यांचा. उशिरा लावलेली आग दोघांचेही वर्ष नेते. कायद्याने पाहिले तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी नष्ट करणे हीसुद्धा शिकार धरली आहे. पण आमच्या सड्यावर कायदा चढून येईल म्हणून कुणी थांबलेले मी पाहिलेले नाही. स्वतःच्या काजूसाठी थांबलेले पाहिले आहेत.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आग टिपून मोबाईलवर इशारा पाठवते, नाव नोंदवले तर कुणालाही तो मिळतो. चांगली सोय आहे. पण उपग्रहाला आग दिसते ती लागल्यावर. त्याच्या आधीचे काम गावाचे.

आमच्याकडे हा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत निघतो. तेव्हा निघाला की ठराव व्हायला, मजूर जमायला फेब्रुवारी संपतो. म्हणून यंदा आम्ही काही जणांनी ठरवले आहे की विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडायचा. गवत अजून हिरवे असताना. मागणी साधी आहे. सड्याच्या कडेचे पट्टे १५ जानेवारीच्या आत, सकाळच्या वेळी, शेजाऱ्याला सांगून. मजुरांची टोळी एकच, ती एका बागेतून दुसऱ्या बागेत जाईल, खर्च एकरामागे वाटून. जे मुंबईत आणि आखातात आहेत त्यांच्या वाट्याचे पैसे जमातीच्या आणि वाडीच्या मंडळांनी मागून घ्यायचे. आणि त्या तारखेनंतर सड्यावर काडी नाही.

आपल्या घरात दोन कॅलेंडरे असतात. चांद्र महिन्यांचे, ज्यात रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो, आणखी काही वर्षांनी तो डिसेंबरात येईल, म्हणजे पट्टे जाळायच्या दिवसांत. तेव्हा कामाच्या वेळा पुन्हा जुळवाव्या लागतील, आणि जुळवू. शेतीचे कॅलेंडर दुसरे, त्यात रोहिणी आणि मृग जागचे हलत नाहीत. मोहल्ल्यातला शेतकरी ही दोन्ही पिढ्यान् पिढ्या सांभाळत आला आहे. तिसरे कॅलेंडर पक्ष्यांचे आहे. ते भिंतीवर टांगलेले नाही, पण छापलेले आहे. तात्यांना मी हे सगळे बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, आमचे म्हातारे काय सांगायचे, दव असताना लावली ती आपली आग. दव गेलं की ती कुणाचीच नाही.”

ठरावाचा मसुदा मी लिहिला आहे. पहिली ओळ तात्यांची ठेवली आहे.